दोन तोळे जास्त



गेल्या महिन्यात सल्ला केंद्रात एक आई लेकीला घेऊन आली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. मारहाण, उपाशी ठेवणं, माहेरून मोटरसायकलचे पैसे आण म्हणून तगादा. आपल्या नोंदवहीत नेहमी येतं तेच सगळं. सांगून झाल्यावर आई आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, सगळी त्यांचीच चूक असं नाही. पोरगी रंगानं डावी. ठरवतानाच त्यांनी बोलून दाखवलं होतं, म्हणून तर आम्ही दोन तोळे जास्त घातले." लेक शेजारी बसून ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. मी फॉर्मवर 'हुंडा : सोनं' या रकान्यात आकडा लिहिला. रंगाचं कुठे लिहायचं ते कळेना, म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळले.

घरी जाताना ते खुपत राहिलं. त्या दोन तोळ्यांचं कारण आईने सांगितलं होतं, आणि मी ते गाळलं होतं.

वर्णभेद हा शब्द आपल्याला परका नाही. फक्त तो दुसऱ्यांच्या देशात घडतो अशी आपली समजूत आहे. ७ जून १८९३ रोजी पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर गांधीजींना गाडीतून उतरवलं, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला, त्या देशाशी व्यापारही तोडला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण २००१ मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेत, दरबानला, वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली आणि दलित संघटनांनी तिथे जातीचा प्रश्न मांडायचं ठरवलं, तेव्हा आपल्या सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली. 'अंतर्गत प्रश्न' आणि 'घरगुती बाब' या दोन शब्दप्रयोगांचं नातं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पोलीस चौकीत हेच ऐकत आपली वर्षं गेली आहेत.

बाहेरून आलेल्या काळ्या माणसाला आपण कसं वागवतो? २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी चिडून महामार्ग अडवला, तर गोव्याच्या तेव्हाच्या एका मंत्र्यांनी नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. जानेवारी २०१६ मध्ये बंगळूरला एका सुदानी माणसाच्या गाडीखाली एक बाई मरण पावली. थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारलं, तिचे कपडे फाडले. तिचा अपघाताशी काही संबंध नव्हता. कातडीचा रंग तेवढा सारखा. आपल्या पुण्यातही आफ्रिकन विद्यार्थ्यांना खोली मिळताना काय यातायात पडते ते घरमालकांना विचारा, 'आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक...' असं उत्तर येईल. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आधीचं औरंगाबाद, मुळात खडकी या नावाने वसवलं ते मलिक अंबर या हबशी माणसाने. हे आपण इतिहासाच्या पेपरात दोन मार्कांपुरतं लिहितो आणि विसरतो.

(सावळ्या विठ्ठलाचा दाखला मी देणार नाही. तो देऊन देऊन पार गुळगुळीत झाला आहे, आणि त्याने एकाही सुनेचे टोमणे थांबलेले नाहीत.)

या सगळ्याला बाजाराने चांगलंच ओळखलं. फेअर अँड लव्हली हे मलम १९७५ साली बाजारात आलं. काळी मुलगी, मग मलम, मग नोकरी किंवा नवरा, ही त्याच्या जाहिरातींची ठरलेली गोष्ट. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये अशा काही जाहिराती बंद झाल्या. मलम चालूच राहिलं. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारलं, जगभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानेही त्याच सुमाराला रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली. आपल्या बायकांनी दोन दशकं सांगून जे झालं नाही ते मिनिआपोलिसच्या रस्त्यावरच्या मरणाने झालं. आणि झालं म्हणजे काय, तर नाव बदललं.

आता न्यायालयांकडे येऊ, कारण आपलं रोजचं काम तिथे अडतं. जानेवारी १९९५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका तरुण बाईने आत्महत्या केली. नवरा काळ्या रंगावरून टोमणे मारी, दुसरं लग्न करीन म्हणे, सासरा स्वयंपाकाला नावं ठेवी, अशी तक्रार होती. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला दोषी ठरवलं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. हे वैवाहिक आयुष्यातले, घरगुती वाद आहेत, कलम ४९८ अ लागू होईल इतक्या तीव्रतेचा हा छळ नव्हे आणि आत्महत्येशी त्याचा संबंधही सिद्ध झालेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने एका नवऱ्याला घटस्फोट दिला. बायको त्याला काळा म्हणून हिणवत होती, हे क्रौर्य आहे, हे त्यातलं एक कारण.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून 'पुरुषाला लागतं, बाईला लागत नाही' असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण ते पुरतं खरं नाही. एक फौजदारी खटला, एक घटस्फोटाचा दावा. दोन्हीकडे क्रौर्याचं माप वेगळं, पुराव्याचं वेगळं. तरीही प्रश्न उरतोच. रोज, वर्षानुवर्षं, जेवायला वाढताना, पाहुण्यांसमोर, अंथरुणात 'काळी' म्हणून घेतलेल्या बाईने ते 'तीव्र' होतं हे कुठल्या कागदाने सिद्ध करायचं? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या करताना मूल नसल्याचे, मुलगा नसल्याचे टोमणे नाव घेऊन सांगतो. रंगाचं नाव घेत नाही. ते 'अपमान', 'हिणवणं' या मोघम शब्दांत बसवावं लागतं. बसतं, नाही असं नाही. पण आधी कुणीतरी ते लिहून घ्यायला हवं ना! आणि तिथे पहिली पायरी आपली आहे.

आपल्या घरातलंही सांगते. आमच्या गटाच्या पथनाट्यात कित्येक वर्षं सोसणारी सून म्हणून उजळ मुलगी उभी राहायची आणि दारुड्या नवऱ्याच्या तोंडाला काजळ फासलं जायचं. प्रेक्षकांना पटकन कळतं, एवढंच आमचं कारण. एका शिबिरात आमच्याच एका जुन्या कार्यकर्तीने एका दलित मुलीला कौतुकाने म्हटलं, "अगं, तू तुमच्यातली वाटतच नाहीस, किती गोरी आहेस!" मुलगी हसली. दुसऱ्या दिवशीच्या सत्राला आली नाही. आम्ही तिला तब्येतीचं विचारलं.

काजळ आता बंद केलं आहे. त्या मुलीशी मात्र नीट बोलायचं राहिलंच.

नोंदवहीत आम्ही या महिन्यापासून वेगळी ओळ ठेवली आहे : रंगावरून काय बोललं गेलं, कुणी, कुणासमोर, किती वेळा, आणि त्यापोटी लग्नात काही जास्त मागितलं का. बाईचे शब्द जसेच्या तसे. 'टोमणे' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. गावोगावच्या महिला मंडळांनी, बचत गटांनी, सल्ला केंद्रांनी आपापल्या वहीत ही ओळ घालावी आणि नावगाव वगळून त्या नोंदी पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवाव्यात. संरक्षण अधिकाऱ्यांपुढे, वकिलांपुढे ठेवायला आपल्याकडे आज एवढंही नाही.

त्या आईला पुढच्या मंगळवारी परत बोलावलं आहे. दोन तोळ्यांचं तेव्हा पुन्हा विचारणार आहे, आणि या खेपेला लेकीला.