ओल कुणाची, हे आधी ठरू द्या

न्हाणीघराच्या छताला पिवळट डाग पडला, रंगाचे पोपडे सुटले की सोसायटीत पुढचा क्रम ठरलेला असतो. खालच्या मजल्यावरचा वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा सोसायटीकडे आणि सोसायटी बिल्डरकडे. शेवटी प्लंबरला बोलावले जाते. तो पाच मिनिटे वर बघतो, भिंतीवर टिचकी मारतो आणि वरच्या घरातली फरशी काढावी लागेल असे सांगतो. फरशी निघते, वॉटरप्रूफिंग होते, नवी फरशी बसते आणि काही महिन्यांनी डाग पुन्हा उमटतो. यात प्लंबरच्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्या कामाचे पैसे द्यायची आपली तयारी नसते, हे खरे दुखणे आहे. नुसते ‘बघून जा’ म्हणून बोलावलेल्या माणसाला त्या बघण्याचे काही मिळणार नसेल, तर त्याची मजुरी फोडण्यातूनच निघणार.

तपासणी हे वेगळे काम ठरते, कारण डाग जिथे दिसतो तिथे दोष असेलच असे नाही. फ्लॅटमधल्या न्हाणीघराखालचा स्लॅब बहुधा खोलगट असतो. त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. सांध्यातून झिरपलेले पाणी या भरावात साठते, उताराने सरकते आणि वाट सापडेल तिथून, कधी चार-पाच फुटांवरच्या कोपऱ्यातून, खाली उतरते. म्हणून जाणकार तपासनीस आधी ओलीचे वेळापत्रक विचारतो. जुलैत उमटणारी आणि दिवाळीनंतर वाळणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येते. वरचे लोक गावाला गेले की सुकणारी ओल सांडपाण्याच्या वाटेकडे बोट दाखवते. घर बंद असतानाही, भर उन्हाळ्यातही न हटणारी ओल असेल, तर कायम दाबाखाली असलेल्या पाण्याच्या पाइपवर संशय घ्यावा. या प्रश्नांना पैसा लागत नाही, पण ते न विचारता हातोडा उचलला की खर्च वाया जाण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर खरी तपासणी सुरू होते आणि ती नीट झाली तर तिला एक दिवस सहज लागतो. न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर बोटभर रंगीत पाणी साठवतात आणि दिवसभर खालच्या छतावर नजर ठेवतात. रंग खाली उतरला तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. उतरला नाही तर तेच पाणी ट्रॅपमधून सोडून सांडपाण्याचा पाइप पाहायचा. भिंतीतल्या पाइपसाठी गीझर वेगळा करतात, सगळे नळ बंद करतात, हातपंपाने दाब भरतात आणि दाबमापकाचा काटा बघत थांबतात. काटा जागेवर राहिला तर पाइप निर्दोष आणि सरकू लागला तर पाणी कुठेतरी निसटते आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीसेक मिनिटे कुणी फ्लश करायचे नाही. भांड्यात रंग दिसला तर टाकी झिरपते आहे. ही गळती किरकोळ वाटते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांच्या पुढे. जिथे साऱ्या इमारतीला एकच मीटर आहे तिथे हे पाणी कुणाच्याच बिलात वेगळे दिसत नाही. आणि ते स्लॅबमध्ये मुरत असेल तर आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा थर सुटून खाली येतो.

या तपासणीचा अहवाल लेखी घ्यायला हवा. हा आग्रह पैशाच्या वादासाठी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामायिक पाइप, सांडपाण्याच्या सामायिक लाइन आणि पावसाचे पाणी यांमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. संडास, सिंक यांमुळे घरातून होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदाचा. म्हणजे कारण ठरल्याशिवाय खर्च कुणाचा हे ठरूच शकत नाही. नव्या इमारतीत तर याचे मोल आणखी वाढते. 2016च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा किंवा सेवासुविधांचा दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ‘भिंत ओली आहे’ या तोंडी तक्रारीपेक्षा दिनांक, फोटो आणि दाबाचे आकडे असलेला कागद तिथे जास्त बोलतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की सोसायटीचे स्ट्रक्चरल ऑडिट होतेच. 15 ते 30 वर्षांच्या इमारतींचे दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर 3 वर्षांनी ते करावे, असे उपविधी सांगतात. पण त्यात भर असतो कॉलम, बीम आणि स्लॅबवर. तुमच्या भिंतीतल्या पाइपवर दाब भरून बघणे त्यात सहसा धरलेले नसते. दुसरा आक्षेप, वरचा शेजारी दारच उघडत नाही. पण पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याची मुभा संस्थेला उपविधींनीच दिली आहे. ती वापरण्याचे धैर्य कमिटीकडे हवे. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे: बंद भिंतीतले सगळे कुणालाच दिसत नाही. ओलावा मोजणारे यंत्र ओल कुठे आहे ते सांगते, ती कुठून आली ते नाही. थर्मल कॅमेराही फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. म्हणूनच काय तपासले, काय तपासता आले नाही आणि फोडायचे झाले तर आधी कुठे, हे तिन्ही अहवालात असले पाहिजे. एखादी जागा खरोखर फोडावी लागेल, पण तेव्हा सगळे न्हाणीघर उखडावे लागणार नाही. आणि खर्चाचे म्हणाल, तर चुकीच्या जागी फोडलेली फरशी ही सर्वांत महागडी तपासणी आहे.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढे तीन ठराव करून घ्या. तपासणीचे पैसे वेगळे द्यायचे, तपासणाऱ्याला दुरुस्तीचे काम द्यायचे नाही आणि अहवालाची प्रत वरच्या-खालच्या दोन्ही घरांना द्यायची. तपासणी मार्च-एप्रिलमध्ये करा. त्या दिवसांत भिंतीवर जी ओल असेल, तिचे खापर पावसावर फोडता येत नाही.