बटरकपच्या हातचा खंजीर

रॉब रायनरच्या १९८७ च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’मधला इनिगो मला नायकाहून जवळचा वाटतो. बापाच्या खुन्याच्या शोधात आयुष्य घालवलेला हा तलवारबहाद्दर कड्याला लटकलेल्या शत्रूला दोर सोडून वर घेतो, दम खाऊ देतो, बापाने घडवलेली तलवार त्याला बघायला देतो आणि मगच लढतो, तेही डाव्या हाताने! आंद्रे द जायंटचा धिप्पाड फेझिकही यमकं जुळवणारा, मऊ मनाचा. साचे मोडावेत तर असे. मग राजकन्येवरच अन्याय का? अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सुटायला रात्रीच्या काळोखात पाण्यात उडी टाकणारी बटरकप शेवटी खंजीर उचलते तो स्वतःच्या छातीवर रोखायला. माझी नात विचारते, ‘आजी, त्या दुष्ट राजपुत्रावर, हम्परडिंकवर का नाही?’ तिचं म्हणणं मला सोळा आणे पटतं.