'सॉरी' म्हणजे नेमके काय?

'सॉरी' या शब्दावर आपल्या प्राध्यापक मंडळींचा राग आहे. तो परका आहे, स्वस्त आहे, असे वर्गात नेहमी ऐकू येते. परकेपणाचा मुद्दा मला पटत नाही. 'माफी' अरबीतून फारसीच्या वाटेने आली, 'दिलगिरी' तर फारसीच. त्या आपल्या झाल्या, मग सॉरीनेच काय घोडे मारले?

उलट आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत या शब्दाची मोठी सोय आहे. 'क्षमा' देवापुढे आणि पुस्तकात. 'माफी' म्हटले की माफीनामा आठवतो. खाली मान घालून सही करायची आणि तो कागद कायमचा फाइलीत राहायचा. म्हणून सुपरवायझर हेल्परची माफी कधी मागणार नाही. सॉरी मात्र चालता चालता म्हणून जातो. वरच्याने खालच्याला म्हणावे असा शब्द आपल्याकडे नव्हताच म्हणा ना! (बिलाच्या तळाशी 'चु. भू. द्या. घ्या.' असते, त्यात देणारा आणि घेणारा दोघेही सारखेच चुकणारे. व्यापाऱ्यांचा हा शहाणपणा मला फार आवडतो.)

माझी तक्रार वेगळी आहे. चाकणकडच्या एका लहान कारखान्यात आमच्या शेजारच्या काकांची दोन बोटे प्रेसखाली गेली. मालक दवाखान्यात आले, 'व्हेरी सॉरी' म्हणाले आणि गेले. घरात इंग्रजी शिकलेला मी एकटा, तेव्हा वडिलांनी मला विचारले, "म्हंजी त्येला वाईट वाटलं, का चूक हाय म्हनला?"

इंग्रजीत दोन्ही अर्थ होतात, एवढेच मला सांगता आले. कोणी वारले तरी सॉरी, पायावर पाय पडला तरी सॉरी. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाचीही हीच पंचाईत. त्याचा 'त्वेबुछी' हा शब्द चुकीसाठी आहे. 'तोंड दाखवायला जागा नाही' असा काहीसा त्याचा भाव.

1 एप्रिल 2001 रोजी हैनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचे 24 जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनला माफी हवी होती. अखेर अमेरिकेने पत्रात दोनदा 'व्हेरी सॉरी' लिहिले. चीनने ती आपल्या लोकांना माफी म्हणून सांगितली. अमेरिका म्हणाली, आम्ही माफी मागितलीच नाही. दोघांचीही मान ताठ राहिली आणि 24 जण सुटले.

सरकारांना असला दुहेरी शब्द परवडतो. काकांचे काय? कामावर असताना अपघात झाला तर भरपाईसाठी सहसा मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, असा कायदा आपल्याकडे 1923 पासून आहे. म्हणजे त्या सॉरीचा अर्थ कोणताही असो, काकांचा हक्क तसाच राहतो. पण काका अर्जच करायला तयार नाहीत. "एवढा मोठा माणूस स्वतः येऊन सॉरी म्हणाला, आता कसं भांडायचं?" म्हणतात.

अर्जाला मुदत असते. ती अजून संपलेली नाही.