पेढीची गादी, मणक्याची गादी

मराठीतील ‘गादी’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. व्यापारी ज्यावर बसून देवघेव करतो ती पेढीची गादी. आणि दोन मणक्यांच्या मध्ये जी लवचीक चकती असते तिलाही रुग्णाला समजावून सांगताना डॉक्टर ‘गादी’च म्हणतात. पहिल्या गादीवर तीस-चाळीस वर्षे बसलेल्या माणसाची दुसरी गादी कुरकुर करू लागते, हा व्यापारी कुटुंबांतील नित्याचा अनुभव आहे.

चिखली तालुक्यातील उंद्री हे चिखली आणि खामगाव या दोन मोठ्या बाजारपेठांच्या मधले गाव. अशा गावात दुकान चालविणाऱ्याचा दिवस वाकून शटर उचलण्यापासून सुरू होतो. मग गादीवर मांडी, समोर चोपडी, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला फोन. दुपारी दुचाकीवरून तालुक्याची फेरी. जूनमध्ये खत-बियाण्यांची घाई, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक. या दिवसांत पाठीकडे लक्ष द्यायला कोणालाही सवड नसते. पाठ मात्र आपला हिशेब ठेवीत असते आणि एखाद्या सकाळी कमरेत उसण भरते.

उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, ही समजूत वऱ्हाडातच काय, साऱ्या महाराष्ट्रात जुनी आहे. त्यापुढची पायरी हाडवैद्याची. आता या मालिकेत एका नव्या नावाची भर पडली आहे: कायरोप्रॅक्टर. मोठ्या शहरांत त्यांचे दवाखाने निघाले आहेत, आणि मान किंवा कंबर एका झटक्यात ‘कडकड’ वाजवून रुग्ण हसत उठल्याच्या चित्रफिती खेड्यापाड्यांतील भ्रमणध्वनीवरही पोहोचल्या आहेत. यांतील काही उपचारक स्वतःला ‘समग्र’ म्हणवितात. मणका सरळ केला की शरीरातील अडलेली ऊर्जा मोकळी होते आणि पाठीबरोबरच पचन, झोप, मन हेही सुधारते, असे त्यांचे सांगणे असते. पुण्या-मुंबईला जाऊन हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी हे सांगणे नीट तपासून पाहणे व्यापाऱ्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे मूळचे कॅनडातील गृहस्थ तेथे चुंबकीय उपचार करीत असत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून बसविला आणि त्याची गेलेली श्रवणशक्ती परत आली, असा त्यांचा दावा होता. ‘हाताने केलेले कार्य’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून उपचाराला नाव मिळाले. शरीरात एक उपजत प्रज्ञा वाहते, मणका सरकला की तिचा मार्ग अडतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच उद्भवतात, ही पामर यांची मूळ उपपत्ती. परवान्याविना उपचार केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना कारावासही भोगावा लागला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. ही मूळ उपपत्ती कसोटीला उतरलेली नाही. इंग्लंडमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये स्पष्ट केले की, मणका सरकणे हे रोगाचे कारण असल्याच्या कल्पनेला वैद्यकीय पुरावा नाही. ती इतिहासातील एक कल्पना होय. मानेतून किंवा कमरेतून जो आवाज निघतो, तोही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात दाब एकाएकी कमी झाल्याने वायूची पोकळी तयार होते आणि तो आवाज येतो. बोटे मोडताना येणारा आवाज याच जातीचा.

मग हा उपचार सर्वस्वी व्यर्थ म्हणावा काय? तसेही नाही. बँकेत एकाच माणसाचे बचत खाते आणि कर्ज खाते वेगळे ठेवतात. येथेही दोन खाती वेगळी ठेवली म्हणजे घोटाळा उरत नाही. पहिले खाते पाठीचे, दुसरे ऊर्जेचे.

पहिल्या खात्यावर थोडी पण खरी जमा आहे. कंबरदुखी हा आजार किती पसरला आहे याचा अंदाज यावरून करता येईल की, २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोक तिने त्रस्त होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला आजाराची नीट समज देणे, मालिश यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारालाही एक पर्याय म्हणून जागा दिली आहे. उलट कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे, हे आपल्याकडील दोन लोकप्रिय उपाय नेहमीच्या वापरासाठी नाकारले आहेत. इंग्लंडच्या २०१६ च्या सूचनांनी मात्र एक अट घातली: हस्तोपचार घ्यायचा तो व्यायामाच्या जोडीने, एकटा नव्हे. याचा व्यवहारी अर्थ असा की, जाणत्या हातांनी काही दिवस आराम पडू शकतो; परंतु रुग्णाने स्वतः हालचाल वाढविली नाही तर तो आराम टिकत नाही.

एम.आर.आय. काढल्यावर ‘गॅप पडला’, ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून घाबरलेल्यांसाठी आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. पाठीचे कसलेही दुखणे नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, आणि त्यांना काहीही दुखत नव्हते. केस पिकावेत तशी ही झीज. चित्रात दिसणारा प्रत्येक दोष हा दुखण्याचे कारण असतोच असे नाही.

याच खात्याची नावे बाजूही पाहिली पाहिजे. मानेला जोराचा झटका दिल्यानंतर क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१४ मध्ये असे मत दिले की, मानेवर असा उपचार करण्यापूर्वी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी. प्रसंग विरळा आहे. पण हानी भरून न येणारी आहे. दाढी-कटिंग झाल्यावर खुर्चीतच मान मोडून घेण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने आजच सोडण्याजोगी आहे. वृद्ध स्त्रियांची ठिसूळ झालेली हाडे, मणक्याचा क्षय, कर्करोगाचा पूर्वेतिहास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असल्यास झटक्याचा उपचार टाळावा. पायातील शक्ती जाणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता येणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच हाडवैद्य, पायाळू, कायरोप्रॅक्टर हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी खामगाव, बुलडाणा किंवा अकोल्याचे रुग्णालय गाठावे.

भारतात या व्यवसायासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी चार वर्षे आणि किमान ४२०० तासांची अपेक्षा सांगितली आहे. म्हणून नावामागे लावलेल्या अक्षरांचा अर्थ विचारणे हा उद्धटपणा नव्हे. कर्ज देताना तारणाचे कागद पाहतात. येथे तर स्वतःची मानच दुसऱ्याच्या हाती द्यायची असते.

आता दुसरे खाते, ऊर्जेचे. या विषयावर जैन कुटुंबांना नवखेपण वाटत नाही. पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बळे, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे दहा प्राण पाठशाळेतील मुलेही मोजून दाखवितात. तैजस शरीराची संकल्पनाही परिचित असते. त्यामुळे ‘तुमची ऊर्जा अडली आहे’ हे वाक्य कानाला ओळखीचे वाटते आणि तेथेच सावध राहण्याची गरज असते. शास्त्रातील हे शब्द साधनेसाठी, जीव आणि देह यांचा भेद समजण्यासाठी आहेत. ते उपचाराच्या दरपत्रकावर छापण्यासाठी नाहीत. एखाद्याच्या हातात वस्तू देऊन त्याचा दंड खाली दाबायचा आणि ‘ऊर्जा वाढली’ म्हणायचे, ही चाचणी मेळाव्यांतून दाखविली जाते. वस्तू कोणती हे दोघांनाही कळू न देता केलेल्या प्रयोगांत तिचा निकाल अंदाजापेक्षा सरस ठरलेला नाही. ओळखीपाळखीतून, साखळी पद्धतीने विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्यांचेही तेच. पामर यांच्या काळातील चुंबक पुन्हा बाजारात आला आहे. वेदना कमी करण्याच्या बाबतीत अशा स्थिर चुंबकांचा लक्षणीय उपयोग प्रयोगांत दिसलेला नाही. नात्यातील माणसाचा शब्द मोडवत नाही म्हणून गादी घेतली जाते, हे व्यवहाराचे सत्य आहे. त्याला आरोग्याचे नाव देऊ नये इतकेच.

यावर ‘म्हणजे भारतीय विद्येत काहीच तथ्य नाही का’ असा प्रश्न सहज उपस्थित होईल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगावर त्यांची निष्ठा होती, तरीही आसन-क्रियांच्या वेळी शरीराच्या आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रांनी पाहिले. जे मोजता येते ते मोजले आणि नोंदविले. श्रद्धा आणि मोजमाप एका माणसात सुखाने नांदू शकतात, फक्त एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर दाखवायची नसते. कायोत्सर्गात देह सैल होतो, श्वास संथ होतो, हे खरे. पण कायोत्सर्गाचा हेतू देहावरील ममत्व सोडणे हा आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक हे पाठदुखीचे औषध नव्हे, आणि पाठ बरी झाली नाही म्हणून ते निष्फळही ठरत नाही.

समग्र उपचारकांचे एक म्हणणे मात्र सर्वथा मान्य करावे असे आहे: केवळ मणक्याकडे न पाहता साऱ्या माणसाकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. कंबरदुखीत झोप, चिंता, काम, बैठक यांचा वाटा असतो. हे तत्त्व प्रामाणिकपणे लावले, तर तपासणी रुग्णाच्या पाठीपाशी थांबत नाही; ती दुकानापर्यंत येते. उधारी थकलेल्या वर्षी मान का अवघडते, याचे उत्तर मग कोणत्याही यंत्राविना मिळते. सासूपासून सुनेपर्यंत घरातील स्त्रिया जमिनीवर बसून निवडण-टिपण करतात, पाण्याची भांडी उचलतात, त्यांच्या पाठीची चौकशीही या हिशेबात येते.

आणि दुकानापर्यंत आलेली तपासणी हमालापाशी आल्यावाचून राहत नाही. गादीवर बसून कंबर धरली म्हणून शेठजी पुण्याला जाऊ शकतात. ज्याच्या पाठीवरून माल आत-बाहेर होतो त्याला ती सोय नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने नेहमी वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली होती. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी दीर्घ लढा दिला. आज सिमेंटची गोणी पन्नास किलोची आहे. युरियाची २०१८ पासून पंचेचाळीस किलोची झाली. तरी घाईच्या दिवसांत धान्याचे पोते तोंडापर्यंत ठासून भरले जाते, कारण त्यात बारदाना आणि खेपा दोन्ही वाचतात. हिशेबपट्टीवर हमाली-तोलाईचा आकडा येतो. हमालाच्या मणक्याचा येत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. शक्तीपेक्षा अधिक भार लादणे हा हिंसेचाच प्रकार, हे शास्त्रकारांनी श्रावकासाठी स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. पर्युषणात प्रतिक्रमण करताना हा शब्द उच्चारला जातो. तो बाजारपेठेला थेट लागू पडतो, याचा विसर पडू नये.

उंद्रीसारख्या गावातील दुकानदाराला यासाठी मोठा खर्च नाही. गादीवर पाठीला टेकण्यासाठी एक लोड आणि चोपडी डोळ्यांच्या जवळ येईल इतक्या उंचीचे मेज असावे. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. सायंकाळी चौविहारापूर्वीचे जेवण झाले की अर्धा तास फिरावे. कंबर धरली तरी दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहू नये. जमेल तितकी हालचाल चालू ठेवावी. सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर नोंदणीकृत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आणि येत्या हंगामात पोती भरण्यापूर्वी काट्यावरची वजनाची मर्यादा पन्नास किलोची ठरवावी, एक हातगाडी घ्यावी आणि हमालाला पाठ टेकून पाणी पिता येईल असा एक बाक दुकानासमोरच्या सावलीत ठेवावा.