निळूभाऊ कधी येणार?

विंगेतून / प्रॉम्प्टर

१३ जुलै जवळ आला की मला धास्ती वाटायला लागते. निळू फुले २००९ साली याच तारखेला गेले. तेव्हापासून दरवर्षी या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर कुणीतरी मान तिरकी करतं, डोळे बारीक करतं, आवाज घशात घोळवतं आणि एखाद्या बाईला वाड्यावर बोलावतं. परीक्षक खुर्चीतून घसरेपर्यंत हसतात. यंदाचा नकलाकार पोरगा जेमतेम पंचविशीचा. निळूभाऊ गेले तेव्हा शाळेत दप्तर घेऊन जात असणार. म्हणजे त्याने नक्कल केली ती निळूभाऊंची नव्हेच, कुणीतरी केलेल्या नकलेची. ती झाल्यावर सूत्रसंचालिका गहिवरून म्हणाली, ‘आपल्या लाडक्या चरित्र अभिनेत्याला ही मानवंदना.’

मानवंदना सोडून देतो. ‘चरित्र अभिनेता’ सोडवत नाही. झालं याचं पुन्हा सुरू, असं जुने वाचक म्हणतील. म्हणोत. हिंदीतून उचललेल्या या शब्दाचा मराठीत अर्थ एकच निघतो : ज्याचं चरित्र लिहायला कुणी बसत नाही तो. आणि पारितोषिकांच्या रात्री याच माणसाला ‘सहाय्यक अभिनेता’ म्हणतात, जलसंपदा खात्यात सहाय्यक अभियंता असावा तसं. कोणाला सहाय्य? ‘सामना’त निळू फुले कोणाचे सहाय्यक होते, हे मला एकदा कुणीतरी समजावून द्यावं.

तर रविवारी वैतागून टीव्ही बंद केला आणि भाचीला म्हटलं, बस, तुला ‘सिंहासन’ दाखवतो. ती बावीस वर्षांची आहे, हुशार आहे, निळू फुले म्हटलं की तिलाही तो वाडाच आठवतो. सिनेमा सुरू झाला. मुख्यमंत्र्यांना आलेला निनावी फोन, धाबं दणाणलेली मंत्रिमंडळी, मुंबईतले कामगार. पाऊण तास झाल्यावर तिने विचारलं, ‘मामा, यात निळू फुले आहेत म्हणालास ना? मग कधी येणार?’

पाऊण तास ते तिच्या समोर होते. दिगू टिपणीस. तिला तो खरोखरचा वार्ताहर वाटला. गेली कित्येक वर्षं या स्तंभात मी जे कंठशोष करून सांगतोय ते तिने एका प्रश्नात सांगितलं, आणि मला फुकटचा आनंद झाला.

आता मूळ मुद्दा. ‘सामना’ १९७५चा, ‘सिंहासन’ १९७९चा. दोन्हीचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या, दोन्हींत डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण या चार वर्षांत पटेलांनी त्या दोघांच्या जागांची अदलाबदल केली, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ‘सामना’त सत्ता निळूभाऊंकडे आहे : साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील. प्रश्न विचारणारा आहे लागूंचा मास्तर, दारूत बुडालेला एकेकाळचा ध्येयवादी. ‘सिंहासन’मध्ये लागू झाले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले, आणि प्रश्न विचारण्याचं काम आलं निळूभाऊंच्या गळ्यात. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. तिचा आणि या अदलाबदलीचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तो दिसतो आणि मी तो बघणार.

अदलाबदल म्हटलं की वाटतं, नटाने इथे सगळंच बदललं असेल. बदललं नाही, हीच तर गंमत. दोन्ही भूमिकांत निळूभाऊ मुख्यतः एकच काम करतात : ऐकतात. हिंदुराव मास्तरला वाड्यावर आणतो (हो, नकलाकारांनो, ‘सामना’त वाड्यावर आणलं जातं ते बाईला नव्हे, एका दारुड्या मास्तरला), त्याला खाऊ-पिऊ घालतो, आणि त्याचं ऐकत बसतो. ते ऐकणं सावकाराचं आहे. समोरचा बोलतोय म्हणजे आपल्या वहीत काहीतरी जमा होतंय. चेहऱ्यावर कौतुक आहे, थोडी माया आहे, आणि ती खोटी नाही. त्या माणसाला मास्तर खरोखर आवडतो. मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न मास्तरच्या तोंडून येऊ लागतो, तेव्हाही हिंदुराव आधी चिडत नाही. घरच्या माणसाने ताटावर बसून भलतंच काही विचारावं तसा दुखावतो. गावात त्याच मारुतीचा खून पचवलेला हा पुढारी आणि आपल्याला त्याच्या दुखावण्याचं वाईट वाटतं. नुसता खलनायक रंगवणाऱ्याला हे जमत नाही.

दिगूही ऐकतो. मुख्यमंत्री त्याच्याशी बोलतात, मंत्री बोलतात, कामगार पुढारी डिकास्टा बोलतो. सगळे त्याला विश्वासात घेतल्यासारखं बोलतात, कारण तो त्यांच्या हिशेबी माणूस नाही, भिंत आहे. पण हे ऐकणं उलट्या दिशेने चाललंय. हिंदुरावाच्या वहीत जमा होत जातं, दिगूच्या अंगावर कर्ज चढत जातं. प्रत्येक खोलीतून तो थोडा जास्त वाकून बाहेर पडतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून, ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’मधून, हा सिनेमा आला, साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे वार्ताहराच्या हाती येणारी माहिती आणि हाती न येणारी सत्ता यांतलं अंतर त्यांना नेमकं ठाऊक. निळूभाऊंनी ते अंतर वाक्यांनी नव्हे, खांद्यांनी दाखवलं.

आणि शेवट बघा. ‘सामना’त सत्ता असलेल्या माणसाला अटक होते, प्रश्न विचारणारा दारुडा मास्तर माणसात येतो. ‘सिंहासन’मध्ये कुणाला काहीच होत नाही, खुर्च्या जागच्या जागी, फक्त प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं फिरतं. दिगू हसत सुटतो. मराठी पडद्यावर इतकं भयंकर हसणं मी दुसरं ऐकलेलं नाही. आमचे नकलाकार नेहमी हिंदुरावासारख्यांचं हसणं उचलतात. दिगूचं हसून दाखवा की एकदा. परीक्षक घसरतात का बघू.

जाता जाता : ‘सामना’त जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद, मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तीन डॉक्टर. आणि त्यांच्यासमोर उभा राहून सिनेमा खिशात घालणारा चौथा माणूस पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात होता खरा, पण तिथल्या बागेत, माळी म्हणून. नाट्यशाळेच्या प्रमाणपत्रांवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी या वाक्याशी जरा थांबावं.

निळूभाऊंची शाळा होती राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. तिथून शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यात, आणि तिथून अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त, १९६८ साली, झेलेअण्णा होऊन. मग तो वाडा लागला तो कायमचा. गावोगावच्या बायका त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या आणि ते त्याला पोचपावती समजायचे. गंमत अशी की पडद्यावर बायकांना छळणारा हा माणूस एरवी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर असायचा, आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरायचा, कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय व्हावी म्हणून. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं नाही.

नाटकांवर मात्र आहे. १९७२च्या ‘सखाराम बाइंडर’वर आरडाओरडा झाला, बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेलं, हे सगळं आपण इतक्यांदा सांगतो की सखाराम कुणी केला हे सांगायचं राहून जातं : निळूभाऊंनी. छापखान्यात काम करणारा, टाकलेल्या बायकांना घरी आणणारा आणि आपण ढोंग करत नाही याचाच माज असलेला तो माणूस. दुसऱ्या टोकाला जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधले अप्पाजी : मुलगा मुख्यमंत्री, बाप जुना गांधीवादी, आणि बापाला मुलाच्या राज्यात राहवत नाही. ते मी बाल्कनीतून पाहिलं होतं. अप्पाजींचा आवाज खाली गेला की सगळं नाट्यगृह पुढे झुकायचं. कुजबुज वरपर्यंत पोहोचायची.

आता मी काय म्हणणार हे तुम्हाला माहीत आहे. कॉलर माईक. हल्ली प्रत्येक नटाच्या गळ्याला ती काळी माशी चिकटलेली असते, आणि प्रेक्षक पुढे झुकायचं विसरलेत. मागल्या महिन्यात एका नाटकात नायकाने नायिकेला मिठी मारली तेव्हा दोघांचे माईक एकमेकांवर घासले आणि प्रेमाच्या ऐन क्षणी गिरणीचा पट्टा तुटल्यासारखा आवाज आला. निळूभाऊंसारखे नट आता होत नाहीत याला दहा कारणं असतील, त्यातली नऊ माझ्या मते हीच. पुरावा मागू नका.

१९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो रंगभूमीसाठी. यंदाच्या त्या वाहिनीने पडद्यावर त्यांचा जीवनपट दाखवला त्यात एकाही नाटकाचं नाव नव्हतं. दिगूचं तर नव्हतंच.

भाचीने ‘सिंहासन’ संपल्यावर विचारलं, ‘तो शेवटी हसतोय की रडतोय?’ मी म्हटलं, आधी ‘सामना’ बघ, मग बोलू. मंगळवारी रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला : ‘मामा, या हिंदुरावाला पकडू नये असं वाटतंय मला. माझं काही चुकतंय का?’

अजून उत्तर दिलेलं नाही.