टोपली चालते, नकाशा का चालत नाही?

मुलींनी अभियंता व्हावे, याला आज जाहीरपणे विरोध करणारा मनुष्य विरळाच. सभासंमेलनांत आणि शाळांच्या पारितोषिक समारंभांत या विचाराला सर्वजण माना डोलावतात. खरी कसोटी लागते ती दहावी-बारावीच्या निकालानंतर, घरात. मुलगा असेल तर जमिनीचा तुकडा गहाण ठेवूनही त्याला शहरात पाठविण्याची तयारी होते. मुलगी असेल तर ‘इतक्या लांब कशाला?’, ‘यंत्राचे अवजड काम तिला झेपेल का?’ अशा शंका निघतात. या शंका केवळ सनातनी घरांतच निघतात असे नव्हे. पुरोगामी म्हणविणाऱ्या, किंबहुना आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही त्या निघतात. म्हणूनच हा विषय आपल्या मुखपत्रातून बोलला जाणे अगत्याचे आहे.

‘झेपेल का?’ या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रीने कधीच देऊन ठेवले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांची आणि रस्त्यांची माती डोक्यावरून वाहणाऱ्या लाखो मजुरांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यानंतर राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि त्या कामांवरही स्त्रियाच मोठ्या प्रमाणात राबल्या. तळपत्या उन्हात टोपली उचलणे त्यांना झेपेल का, असे तेव्हा कोणी विचारले नाही. मात्र खणलेल्या मातीचे माप घेणारा, हजेरीपटावर सही करणारा आणि त्या मापावरून तिची मजुरी ठरविणारा अभियंता जवळपास नेहमीच पुरुष असे. याचा अर्थ उघड आहे. आक्षेप स्त्रीच्या कष्टांना कधीच नव्हता. तो तिच्या हाती माप, नकाशा आणि निर्णय जाण्याला होता. हा स्नायूंच्या बळाचा प्रश्न नसून सत्तेचा आणि वेतनाचा प्रश्न आहे.

इतिहासही हेच सांगतो. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता या विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या, त्या १९४३ साली. वयाच्या अठराव्या वर्षी वैधव्य आलेले आणि पदरी तान्ही मुलगी, अशा अवस्थेत त्यांनी हे शिक्षण घेतले. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते, म्हणून ते दार उघडले. पुढे भाक्रा-नांगलसारख्या राष्ट्रीय प्रकल्पाच्या विद्युत कामात त्यांचा वाटा होता. त्यांच्या पाठोपाठ तेथे शिकलेल्या पी. के. थ्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७४ साली, टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत असे बजावले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली. त्यांच्या धैर्याचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु एका पोस्टकार्डाने एकीसाठी दार उघडते. हजारोंसाठी ते उघडायचे तर कायदा, वसतिगृह आणि संघटना यांची गरज असते.

कायद्याचीही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीत काम करण्यास बंदी घातली होती. गिरण्यांतून होणाऱ्या पिळवणुकीपासून संरक्षण, हा अशा बंदीमागील हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. पण ‘तिन्ही पाळ्यांत येऊ शकत नाही, म्हणून स्त्री अभियंता नको’ असे म्हणायला मालकांना त्यातूनच निमित्त मिळाले. रुग्णालयात रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र समाजाला ही काळजी कधी वाटली नाही. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. आता नव्या श्रमसंहितेने स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीला मुभा दिली आहे. ही संमती खरी असावी, जाण्या-येण्याची सोय आणि पाळणाघर कागदावर राहू नये, हे पाहणे कामगार संघटनांचे कर्तव्य आहे.

आजचे चित्र पूर्वीपेक्षा निश्चितच आशादायक आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. आय. आय. टी. मध्ये मुलींचे प्रमाण अत्यल्प होते, म्हणून २०१८ पासून तेथे त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण करण्यात आल्या. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. तरीही देशातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून कमीच आहे. ज्या येतात, त्यांतील बहुतेक संगणकाकडे वळतात. यंत्र आणि स्थापत्य या शाखांत त्या अजूनही मोजक्याच आहेत.

याचे कारण शुल्कमाफी वर्गाच्या दारापर्यंतच पोहोचते. खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास यांचा भार कुटुंबावरच राहतो. गावातील मुलीला एस. टी. चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. तालुक्याबाहेर पाऊल टाकायची वेळ येते, नेमक्या त्याच वळणावर आधार संपतो. यवतमाळ, लातूर आणि तासगाव येथील महिलांसाठीच्या शासकीय निवासी तंत्रनिकेतनांनी यावरचा मार्ग दाखविला आहे. शिक्षण आणि निवास एकत्र दिले, की पालकांची निम्मी भीती आपोआप ओसरते. अशी संस्था प्रत्येक जिल्ह्यात का असू नये?

यावर आपल्यातील काही मित्र म्हणतील, हा मध्यमवर्गीय मुलींचा प्रश्न आहे. हे बरोबर नाही. सुखवस्तू घरातील मुलगी आपला मार्ग काढील. तंत्रनिकेतनाची आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची निकड आहे ती शेतमजुराच्या आणि ऊसतोड कामगाराच्या मुलीला. दुसरा आक्षेप बेकारीचा. अभियंतेच बेकार असताना त्यांत मुलींची भर कशाला, असे विचारले जाते. बेकारी ही अर्थव्यवस्थेची विकृती आहे. तिच्यावर उपाय म्हणून निम्म्या समाजाला ज्ञानापासून दूर ठेवणे हा शुद्ध अन्याय होय.

तेव्हा काम स्पष्ट आहे. निकालाच्या दिवसांत प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील मुलींची यादी करावी आणि त्यांच्या पालकांना भेटावे. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आणि प्रवेशअर्ज यांच्या मुदती चुकू नयेत, यासाठी कार्यकर्त्यांनी त्यांच्यासोबत कचेरीत जावे. तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाची आणि बारावीनंतरही मोफत प्रवासाची मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. आणि या सर्वांआधी आपल्या स्वतःच्या घरातील मुलीला, तिच्या भावाला विचारला होता तोच प्रश्न विचारावा: तुला काय शिकायचे आहे? तिचे उत्तर यंत्र किंवा स्थापत्य असे आले, तर पैशाची सोय जशी भावासाठी केली, तशीच तिच्यासाठीही करावी.