घारगा चालतो, मग भोपळा का नाही?

पाऊस स्थिरावला की आमच्या रत्नागिरीच्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी यांच्या जुड्या टोपल्यांतून दिसू लागतात. त्या निवडून घेणारे हात बहुधा साठीच्या पुढचे असतात. घरी भाजी होते, आजी-आजोबा चवीने जेवतात आणि नातवंडाच्या ताटात मात्र वरणभात, फार तर बटाट्याच्या काचऱ्या. “त्याला भाजी आवडतच नाही हो, मी त्याच्यापुरता बटाटा परतते,” हे वाक्य दवाखान्यात मला वारंवार ऐकावे लागते आणि पाठोपाठ मागणी येते ती भुकेच्या टॉनिकची. आई-वडील दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरांत मुलाचे दुपारचे ताट आज आपणच वाढता. म्हणून हा विषय सूनबाईंपेक्षा आपल्याशी बोलणे मला अधिक योग्य वाटते.

हा केवळ लाडांचा किंवा शिस्तीचा प्रश्न नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० भारतीय बालकांपैकी ६७ बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत; परंतु लोह, फोलिक ॲसिड आणि लोह शोषून घेण्यास मदत करणारे ‘क’ जीवनसत्त्व यांचा विचार करताना भाजीच्या वाटीपाशी यावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी भाज्या व फळे मिळून किमान २५० ग्रॅम आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला ३५० ग्रॅम हवीत. लहानग्यासाठी याचा अर्थ साधारण वाटीभर शिजलेली भाजी आणि एखाद-दुसरे फळ. अशक्य असे त्यात काही नाही.

मात्र पाककृतीकडे वळण्यापूर्वी भुकेचा हिशेब पाहावा. सकाळी आजोबांच्या कपातला चहा आणि बटर, अकरा वाजता बिस्किटे, मग “जेवत नाही” म्हणून पेलाभर दूध. असे मूल एक वाजता भाजीकडे कशाला पाहील? मुलांना चहा देऊ नये, हे मी थोड्या कठोरपणेच सांगतो. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला आतड्यात अडवते आणि भूकही मारते. दूधदेखील दिवसभरात दोन कपांपुरते ठेवावे. जेवणापूर्वी दोन तास पाण्याखेरीज काही नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मे भांडण मिटते.

दोन ते सहा या वयात अनोळखी अन्न नाकारणे हा बालस्वभाव आहे. कडवट चवही मुलांना आपल्यापेक्षा अधिक जाणवते. एखादी भाजी ओळखीची होण्यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा चाखावी लागते. आपण तिसऱ्या खेपेला हात टेकतो आणि ‘याला पडवळ चालत नाही’ असा शिक्का मारतो. तो शिक्का मूलही इमानाने जपते. ताटात चमचाभरच वाढावे; नको म्हटले तर रागावू नये, आणि आठवड्याने पुन्हा चमचाभर वाढावे. “दोन घास भाजी खा, मग चॉकलेट देते,” हा सौदा तर टाळावाच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिले असता त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी घटली. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, हा मुलांचा तर्क काही चुकीचा म्हणता येत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. येथे कोकणातील आजीला शिकवावे असे माझ्यापाशी थोडेच आहे. ओले खोबरे, गूळ आणि आमसूल या तीन वस्तूंनी कोणत्याही भाजीचा उग्रपणा निवतो, हे आपल्या स्वयंपाकाने केव्हाच ओळखले आहे. भोपळ्याचे घारगे, तवशाचे धोंडस, अळूवडी हे पदार्थ मुले आनंदाने खातात. परंतु घारगा खाणारे मूल भोपळा खाते असे समजू नये. घारगा हा उंबरठा आहे. तेथेच थांबले तर मुलाला केवळ गूळ आणि तळण यांचीच ओळख राहते. पुढची पायरी हवी. भोपळा किसताना नातवाला शेजारी बसवावे आणि यात भोपळा आहे हे स्पष्ट सांगावे. लपवून खाऊ घातलेली भाजी पोटात जाते, ओळखीत जात नाही. पुढच्या आठवड्यात त्याच भोपळ्याचे दही घातलेले भरीत करावे, त्यानंतर गूळ-खोबऱ्याची भाजी.

याच रीतीने अळूवडीवरून अळूच्या फदफद्यावर येता येते. अळूतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया घसा खाजवतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून ते पूर्ण शिजवावे; एकदा घसा खाजला की मूल वर्षभर अळूकडे पाहणार नाही. मासे खाणाऱ्या घरात दोडक्यात कोलंबी घालावी. कोलंबी वेचून खाता खाता दोडकाही जातो. शेवग्याचा पाला कित्येक घरांत गोकुळाष्टमीपुरताच शिजतो. लोह आणि कॅल्शियम देणारी ही भाजी बहुधा आपल्या कुंपणावरच असते. कोवळी पाने चिरून घावनाच्या पिठात मिसळावीत, पाल्याची भाजी नंतर आपोआप ओळखीची होते. कारल्यासाठी मात्र मी मुलांशी भांडत नाही. ते ताटात दिसत राहावे, एवढे पुरे.

याहून परिणामकारक गोष्ट म्हणजे आपले स्वतःचे ताट. कवळी बसवल्यापासून कित्येक ज्येष्ठ भाजी टाळून आमटीभातावर आले आहेत, आणि मूल समोर बसून ते पाहत असते. मऊ शिजलेली, कमी तिखट, बारीक चिरलेली भाजी आपल्यालाही हवी आणि त्यालाही. एकाच पातेल्यात दोघांचे काम होते. मोबाईल बाजूला ठेवून एकत्र जेवावे आणि त्याच्यापुरता वेगळा बटाटा परतणे बंद करावे. पहिले चार दिवस कठीण जातात. त्या चार दिवसांत घरातील दुसऱ्या कोणी हळूच फरसाणाचा डबा उघडू नये, एवढे सूनबाई आणि चिरंजीव यांच्याशी आधी ठरवून घ्यावे. मधुमेह असलेल्या आजीने नातवाचे उरलेले घारगे संपवण्याचे कर्तव्य स्वतःकडे घेऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चार वर्षांखालील मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी आठळी देऊ नये. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. आठळी उकडून कुस्करावी, गाजर किसावे. रानभाजी ओळखीच्या विक्रेतीकडूनच घ्यावी.

मुलाचे वजन-उंची वाढत नसेल, घास गिळताना अडकत असेल, ते माती, खडू किंवा भिंतीचा रंग खात असेल, चेहरा फिका दिसत असेल, तर मात्र भाजीवर विसंबून राहू नये. टॉनिकची बाटली न आणता रक्ताची तपासणी करून घ्यावी. लोहाचे औषध दिले गेले तर ते चहा-दुधाबरोबर देऊ नये, लिंबू-सरबताबरोबर चालेल. त्या दिवसांत शौचास काळसर होते, त्याने घाबरून औषध मध्येच थांबवू नये.